टोल गेला, हिशेब राहिला

डिसेंबर २०१५ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात कोल्हापूर शहरातला टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. त्याला दहा वर्षं होऊन गेली. मला मात्र त्या सगळ्याची आठवण करून दिली ती फास्टॅगच्या वार्षिक पासने. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारीला तीन हजार रुपयांत वर्षभर किंवा दोनशे फेऱ्यांपर्यंत, जे आधी संपेल तोवर, राष्ट्रीय महामार्गावरचे नाके मोकळे झाले. कोल्हापूरहून पुण्याला जाताना किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर या चारही नाक्यांवर हा पास चालतो. पुढे मुंबईकडे निघालं की द्रुतगती मार्गावर ३२० रुपये वेगळे कापले जातात, कारण तो रस्ता राज्याच्या महामंडळाचा. समृद्धीवर पास चालत नाही, अटल सेतूवरही नाही. गाडी तीच, टॅग तोच, पैसे देणारा तोच. आपण कुणाच्या रस्त्यावरून चाललो आहोत, हे गाडीवाल्यानेच ओळखायचं.

टोल ही गोष्टच वाईट, असं माझं म्हणणं नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाला तेव्हा त्यावरून गाडी घालताना अभिमान वाटायचा आणि पैसे देताना हात आखडत नव्हता. रस्त्याला खर्च येतो, तो कुणीतरी भरायचाच. पण कर्जाला मुदत असते, फेडीचा तक्ता असतो, शेवटचा हप्ता कधी हे घेणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही माहीत असतं. टोलच्या बाबतीत हे तिन्ही देणाऱ्यापासून लपवलं गेलं, आणि गेल्या पंचवीस वर्षांत जेवढा संताप झाला तो या लपवाछपवीचा.

सुरुवातीचा काळ भराभर सांगतो. १९९६ मध्ये रस्ते विकास महामंडळ स्थापन झालं. मुंबईत उड्डाणपूल उभे राहिले आणि त्यांच्या वसुलीसाठी शहराच्या पाच वेशींवर नाके बसले. द्रुतगती मार्ग २००२ पर्यंत पूर्ण झाला. २००४ मध्ये ९१८ कोटी रुपये घेऊन पंधरा वर्षांच्या वसुलीचे हक्क एका कंपनीला दिले गेले. ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ हे शब्द तेव्हा वर्तमानपत्रांत रोज वाचायला मिळत. हस्तांतराचा दिवस उजाडेल तेव्हा बघू, असं समजून सगळे गप्प होते.

माझा संबंध आला तो त्यानंतरच्या दशकाशी. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत माझं पॅटर्नचं छोटं वर्कशॉप होतं आणि फाउंड्रीवाल्यांच्या कामासाठी पुण्याच्या वाऱ्या चालत. महामार्गावरच्या एका नाक्यावर तेव्हा रोखीचा कारभार होता. खिडकीतला पोरगा सुट्टे नाहीत म्हणून दोन गोळ्या हातावर ठेवायचा. पावती मागितली तर मागच्या ट्रकचा हॉर्न सुरू. ती गुळगुळीत कागदाची पावती खर्चाच्या वहीत लावून ठेवली, तर मार्चअखेरीला त्यावरची शाई पार उडालेली असायची. हिशेबनिसाला दाखवायला हातात कोरा कागद. आम्ही त्याबद्दल भांडायचो, पण नाका ओलांडला की विसरून जायचो, कारण तो महामार्ग होता, लांबचा होता.

मग टोल घरात आला. कोल्हापूर शहरातल्या जवळजवळ पन्नास किलोमीटर रस्त्यांचा एकात्मिक विकास करायचा, खर्च २२० कोटी, आणि त्यापोटी कंपनीने तीस वर्षं टोल वसूल करायचा, असा करार २००८ मध्ये झाला. शिवाय टेंबलाईवाडीतली मोक्याची जागा दीर्घ मुदतीच्या भाड्याने कंपनीला. करार झाला तेव्हा तीस वर्षं या शब्दाचा अर्थ शहराला कुणी समजावून सांगितला नाही. ज्यांनी सांगायचा, त्या लोकप्रतिनिधींनी करार तरी पुरता वाचला होता का, हा प्रश्न मी तेव्हाही विचारत होतो आणि आजही विचारतो. पुढे आंदोलन पेटलं तेव्हा सत्तेतल्या पक्षांचे लोकही सर्वपक्षीय कृती समितीच्या व्यासपीठावर आले. आले ते बरंच झालं. पण सह्या कुणाच्या काळात झाल्या, हे त्या व्यासपीठावरून कधी धडपणे सांगितलं गेलं नाही.

रस्ते झाले, काही चांगलेही झाले. पण कुठे गटार अर्धवट, कुठे विजेचा खांब रस्त्यातच, तर कुठे काँक्रीट इतकं उंच की पहिल्याच वळवात पाणी दुकानांच्या पायऱ्यांवरून आत. काम पूर्ण नसताना वसुली कशी, हा सवाल २०१२ पासून शहरभर घुमू लागला. ऑक्टोबर २०१३ मध्ये नाके सुरू झालेच. शिरोली नाका शहर आणि वसाहत यांच्या मधोमध. घर शहरात, पोट वसाहतीत. ज्या कामगारांना मी जीपने ने-आण करत होतो, त्यांना कामावर पोचवण्याचासुद्धा टोल.

प्रा. एन. डी. पाटील तेव्हा ऐंशी ओलांडलेले, गोविंदराव पानसरे ऐंशीला टेकलेले. दोघांनी ते आंदोलन ज्या पद्धतीने चालवलं, ते मी जवळून पाहिलं. एन. डी. सर आवाज न चढवता कराराची कलमं सांगायचे. अॅड. पानसरे आकडे मांडायचे आणि समोरच्या माणसाला ते वहीत उतरवून घ्यायला लावायचे. ‘देणार नाही, टोल देणार नाही’ ही घोषणा रस्त्यावर होती, पण तिच्या पाठीशी हिशेब मागणाऱ्या दोन म्हाताऱ्या माणसांचा अभ्यास होता. आणखी एक गोष्ट मला विसरता येत नाही. दुचाकीला टोल नव्हता. तरी मोर्चात सगळ्यांत जास्त माणसं दुचाकीवालीच होती, आणि ज्यांच्याकडे कसलंच वाहन नाही अशा बायाही पदर खोचून आल्या होत्या. शहराला न विचारता शहर तीस वर्षांसाठी बांधून दिलं, हा राग त्यांचा होता.

जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटले. जाळपोळीचं समर्थन मी करणार नाही, पण मंत्र्यांनी येऊन टोल गेल्याचं सांगायचं आणि वसुली मात्र चालूच, हे लोकांनी किती सोसायचं? पुढे कधी न्यायालयाची स्थगिती, कधी ती उठली, कधी पोलीस बंदोबस्तात वसुली. विधानसभेच्या निवडणुकीत टोलमुक्त महाराष्ट्राचं आश्वासन मिळालं. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून येताना पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या, २० तारखेला ते गेले. टोल रद्द झालेला त्यांनी पाहिला नाही. दहा महिने कमी पडले.

त्याच वर्षी जूनपासून राज्यातले १२ नाके बंद झाले आणि ५३ नाक्यांवर मोटारी व एसटीला माफी मिळाली. द्रुतगती मार्ग आणि मुंबईच्या वेशी त्यातून वगळल्या. वसुलीची मोठी ठिकाणं तीच होती. टोलमुक्तीचं आश्वासन देणाऱ्यांनी त्यांनाच हात लावला नाही, हे मी आश्वासन मोडल्यातच जमा करतो.

मग ऑगस्ट २०१९ आला. द्रुतगती मार्गावरची पंधरा वर्षं संपली. हस्तांतराचा तो दिवस उजाडला, पण वसुली एक दिवसही थांबली नाही. २०२० मध्ये पुढच्या दहा वर्षांसाठी नवा करार झाला, ८,२६२ कोटींचा. मोटारीचा दर दर तीन वर्षांनी वाढत १९५, २३०, २७० आणि एप्रिल २०२३ पासून ३२०. फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला. रांगा कमी झाल्या, सुट्ट्यांची कटकट गेली, हे मान्यच. पण नोट काढून देताना माणूस निदान खिडकीकडे बघून प्रश्न विचारायचा. आता पैसे मोबाइलच्या संदेशात जातात, आणि प्रश्न विचारायला समोर कुणी नसतं.

मुंबईच्या वेशींवर मोटारींना माफी मिळाली ती १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून. १५ ऑक्टोबरला विधानसभेच्या निवडणुकीची घोषणा झाली आणि आचारसंहिता लागली. मुंबईकरांना दिलासा मिळाला याचा आनंद आहे. पण बावीस-पंचवीस वर्षं जे जमलं नाही ते एका दिवसात कसं जमलं, आणि माफीपोटी ठेकेदाराला द्यायची भरपाई कुणाच्या खिशातून? ती सगळ्यांच्या करातून जाते, ज्याने आयुष्यात मोटार घेतली नाही त्याच्याही. कोल्हापुरातही शेवटी कंपनीचे पैसे सरकारनेच भागवायचे ठरले. माफी म्हणजे टोल संपला असं नव्हे, तो दुसऱ्या खात्यातून भरला जातो. म्हणून मला माफीपेक्षा हिशेब मोठा वाटतो.

आज कागलपासून साताऱ्यापर्यंत सहापदरीकरण चालू आहे. कऱ्हाडला उड्डाणपुलाच्या खांबांमधून, धुळीतून, वळणं घेत गाडी काढावी लागते, आणि नाक्यावर टॅग वाजतोच. केरळातल्या पालियेक्करा नाक्यावर रस्त्याची दुर्दशा असताना उच्च न्यायालयाने वसुली थांबवली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये तो आदेश कायम ठेवला. रस्ता चालण्याजोगा नसेल तर टोल नाही, हे तत्त्व आता देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने मानलं आहे. आमच्या आंदोलनाने २०१२ मध्ये हेच सांगितलं होतं.

माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. आपल्या रोजच्या वाटेवरच्या नाक्याबद्दल तीन प्रश्न विचारा: रस्त्याला खर्च किती झाला, आजवर वसूल किती झाले, आणि वसुली कोणत्या तारखेला थांबणार. उत्तर आलं की ते गावात सगळ्यांना वाचून दाखवा. आलं नाही तर अपील करा, आणि मत मागायला जो दारात येईल त्याला हेच तीन प्रश्न पुन्हा विचारा.