काचेतली शेगडी

आकाशकंदिलात साठचा बल्ब लावला आणि सकाळी वरचा कागद तपकिरी होऊन कडक झालेला पाहिला, असं कुणाच्या घरी झालं नाही? कागद बिचारा निर्दोष. जुना पिवळा बल्ब म्हणजे मुळात शेगडीच, तिला उजेडाची हौस एवढंच! खाल्लेल्या विजेतली जेमतेम पाच टक्के उजेडात उतरते, बाकी सगळी धग. आतली टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या घरात तापते, आणि चार बोटांवरच्या काचेनं मात्र गार राहावं ही आपली अपेक्षा.

छोटे बल्ब ती बऱ्यापैकी पाळतात. त्यांच्यात बहुधा हवाच नसते. थर्मासचीच युक्ती: मधे पोकळी, म्हणून धग वाहून नेणारं कुणी नाही. उरते ती फक्त किरणांनी येणारी. मोठ्या बल्बांत 1913 च्या सुमारास अर्विंग लँगम्युअरनं वायू भरला. तार जास्त टिकू लागली, पण तापलेला वायू वर चढून काचही तापवू लागला. गेलेला मोठा बल्ब निरखून पाहा: टांगलेला असेल तर काळा डाग मानेपाशीच दिसेल. तार झिजून उडालेलं टंगस्टन वायूबरोबर वर जाऊन तिथं बसलेलं असतं.

सगळ्यात हुशार म्हणजे गणपतीच्या मखरातली जुनी माळ. सहा-सहा व्होल्टचे चाळीसेक बल्ब एका रांगेत, 230 व्होल्ट सगळ्यांत वाटून घेतलेले. प्रत्येकाच्या वाट्याला इतकं कमी येतं, की चिमटीत धरला तरी चटका नाही. एक गेला की सगळी माळ आंधळी, आणि मग घरातला कुणीतरी स्टुलावर चढून एकेक बल्ब हलवत बसणार. यावर परदेशातल्या ख्रिसमसच्या माळांत तोड निघाली. तारेच्या बुडाशी ऑक्साइडचा थर दिलेल्या बारीक तारेचे वेढे. बल्ब गेला की सगळा दाब त्याच्यावरच येतो, थर फुटतो, वाट मोकळी होते आणि माळ पेटलेली राहते. मेख अशी, की मेलेल्याचा वाटा उरलेल्यांवर पडतो. ते जास्त तापतात आणि लवकर जातात. म्हणून गेलेला बल्ब लगेच बदललेला बरा.

हॅलोजनचं सगळं उलटं. त्याची काच अडीचशे अंशांच्या वर तापायलाच हवी, नाहीतर उडालेलं टंगस्टन तारेकडे परतत नाही. मग शोकेसमधल्या छोट्या हॅलोजनमागे खास आरसा आला. तो उजेड पुढे फेकतो आणि बरीचशी धग मागच्या मागे सोडून देतो. दागिने गार, तापतं मागचं छत!

अमेरिकेतल्या एका खेळण्यानं तर गार करायचा नादच सोडला. 1963 च्या ‘ईझी-बेक’ ओव्हनमध्ये शंभर-शंभर वॅटचे दोन साधे बल्ब होते. त्यांच्यावर पोरं केक भाजायची.