रोवणीच्या दिवसांत रात्री पोटरीत गोळा का येतो?

कोंढा (ता. पवनी) : दिवसभर बांधीत वाकून रोवणी केली की रात्री झोपेत पोटरीत गोळा येतो, माणूस कळवळून उठतो. थकलेला स्नायू अचानक आखडतो. घाम जाऊन पाणी कमी पडणं, वाढतं वय, गरोदरपण, मधुमेह, बीपीची काही औषधंही कारण असू शकतात.

गोळा आला की गुडघा सरळ ठेवून पायाचा पंजा आपल्याकडे ओढा, पोटरी हलकी चोळा, थोडं चाला. झोपण्याआधी भिंतीला हात टेकून, टाच न उचलता पोटरी ताणा. बांधीवर पाणी पीत राहा.

औषध मनानेच बंद करू नका. एकच पाय सुजला, लाल-गरम झाला तर चोळू नका. रक्ताची गुठळी असू शकते. लगेच दवाखाना गाठा.