बाइटचे माप : एक नाव, दोन हिशेब

दिल्लीलगतच्या गाझियाबाद जिल्ह्यात साहिबाबाद येथे भारतीय मानक ब्यूरोची मध्यवर्ती प्रयोगशाळा आहे. वस्तू ठरलेल्या मानकास उतरतात की नाही, याची परीक्षा तेथे होते. अशा परीक्षेस एक अट मूलभूत असते : मापाच्या नावाचा अर्थ सर्वत्र एकच असला पाहिजे. गणकयंत्रातील माहितीच्या साठ्याचे माप ही अट अद्यापि पुरतेपणी पाळीत नाही. एक टेराबाइटची, म्हणजे हजार गिगाबाइटची तबकडी विकत घेऊन यंत्रास जोडावी, तो पडद्यावर ९३१ हाच आकडा उमटतो. उरलेले ६९ गिगाबाइट गेले कोठे?

ते कोठेही गेलेले नाहीत. गणकयंत्राच्या स्मृतीतील प्रत्येक स्थानास क्रमांक असतो आणि तो तारांच्या चालू व बंद अशा दोनच अवस्थांनी दर्शविला जातो. एका तारेने दोन स्थाने दाखविता येतात, दोन तारांनी चार, तीन तारांनी आठ आणि दहा तारांनी १,०२४. ही संख्या हजाराच्या इतकी निकट की तंत्रज्ञांनी तिला दशमान पद्धतीतील 'किलो' हे नाव देऊन टाकले. चुंबकीय तबकडीस असे दुपटीचे बंधन नाही. तिचे कारखानदार किलो म्हणजे हजार आणि गिगा म्हणजे शंभर कोटी असाच सरळ हिशेब करतात.

हा पेच आपणांस अगदीच अपरिचित नव्हे. शेराचे अर्धा, पाव, नवटाक, छटाक हे भाग निम्मे निम्मे करीतच पाडलेले होते. रुपयाचे १६ आणे व ६४ पैसे याच जातीचे. १ एप्रिल १९५७ रोजी शंभर पैशांचा रुपया आला, तेव्हा एका आण्याचे सव्वासहा पैसे होऊ लागले. मग कोष्टकात एका आण्यास सहा, तर तीन आण्यांस एकोणीस पैसे धरावे लागले! परंतु तेथे शासनाने 'नवा पैसा' असे वेगळे नाव तरी दिले होते. गणकयंत्रांच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय विद्युत्तंत्र आयोगाने ही व्यवस्था १९९८ साली केली. १,०२४ बाइट म्हणजे किबीबाइट, आणि पुढे त्याच पटीने मेबीबाइट, गिबीबाइट, टेबीबाइट.

आता तबकडीचा हिशेब मांडू. एक टेराबाइट म्हणजे एक लक्ष कोटी बाइट. एक गिबीबाइट म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट. भागाकार करता ९३१.३ येतात. गिगाचे गिबी करावयाचे असता ०.९३१ ने गुणावे, उलट करावयाचे असता १.०७४ ने. या रीतीने ६४ गिगाबाइटचे ५९.६ गिबीबाइट होतात. किलोच्या पायरीवर अंतर शेकडा २.४ इतके क्षुल्लक असते. परंतु प्रत्येक पायरीस १.०२४ ने पुन्हा गुणले जात असल्याने ते मेगास ४.९, गिगास ७.४ आणि टेरास जवळजवळ १० होते.

'१.४४ मेगाबाइट'च्या जुन्या फ्लॉपी तबकडीने तर दोन्ही पद्धतींची खिचडीच केली होती. तिच्यात १,४४० वेळा १,०२४, म्हणजे १४,७४,५६० बाइट मावत. दशमानाने हे १.४७ मेगाबाइट आणि द्विमानाने १.४१ मेबीबाइट. छापलेला आकडा दोहोंपैकी कोणताच नव्हे!

नवी नावे रूढ होण्यास मात्र वेळ लागत आहे. विंडोज प्रणाली १,०२४ च्या पटीने भागून येणाऱ्या आकड्यापुढेही 'गिगाबाइट'च लिहिते. ॲपलच्या मॅकिन्टॉश यंत्रांनी २००९ पासून दशमान हिशेब स्वीकारला. म्हणून तीच तबकडी एका यंत्रावर ९३१ दाखविते आणि दुसऱ्यावर १,०००.