ठिगळ लावावे की थांबावे?

वसईजवळच्या नंदाखालला गेलात, तर तेथे भाजीपाल्याच्या नि केळीच्या वाड्या दिसतील. समजा, अशा एखाद्या वाडीत वांग्यांना कीड लागली आणि दुकानदाराने अगदी नवे औषध दिले. ते एकदम साऱ्या वाडीवर फवारावे काय? पानेच करपली तर? बरे, वाट पाहत बसावे, तर तोवर कीड पीक फस्त करील! संगणकांची देखभाल करणाऱ्यांपुढेही असाच पेच वारंवार उभा राहतो.

संगणक ज्या सूचनांनुसार चालतो, त्यांच्या संचाला आज्ञावली म्हणतात. मोठ्या आज्ञावलीत चुका राहतातच. चूक सापडली की फाटक्या सदऱ्याला लावावे तसे तेवढ्याच जागी ठिगळ लावतात. यालाच ‘पॅच’ म्हणतात. पण आज्ञावलीचे भाग एकमेकांवर अवलंबून असतात. त्यामुळे एका जागची दुरुस्ती दुसरीकडचे सुरळीत काम बिघडवू शकते.

१९ जुलै २०२४ रोजी नेमके असेच घडले. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने आपल्या सुरक्षा-आज्ञावलीला नवे हल्ले ओळखता यावेत म्हणून एक फाइल पाठवली. तेव्हा आपल्याकडे सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटे झाली होती. आज्ञावलीला २० नोंदी पुरवल्या जात होत्या; नव्या फाइलीने एकविसावी मागितली! ती शोधताना आज्ञावली स्मृतीतील भलतीच जागा वाचू लागली. ती विंडोजच्या गाभ्यात काम करीत असल्याने सारा संगणकच बंद पडला. जगभर असे सुमारे ८५ लाख संगणक ठप्प झाले. मुंबईच्या विमानतळावरही काही प्रवाशांची नोंद हाताने करावी लागली.

कंपनीने ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली. पण बंद पडलेला संगणक दुरुस्ती स्वीकारणार कशी? अनेक ठिकाणी माणसाला एकेका यंत्रापाशी जाऊन ती फाइल पुसावी लागली.

मग ठिगळ लावूच नये काय? तसेही नाही. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा विषाणू जगभर पसरला आणि न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. हा विषाणू अनेक वाटांनी शिरत असे. त्यांतील एक वाट बुजवणारे ठिगळ मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिले होते. ज्यांनी ते लावले नव्हते, त्यांच्याकडे ही वाट उघडीच राहिली.

म्हणजे घाई आणि दिरंगाई, दोन्हींची किंमत मोजावी लागते. म्हणून तंत्रज्ञ तीन प्रश्न विचारतात. न लावल्यास धोका किती? लावल्यास कोणते काम अडेल? आणि बिघडलेच, तर पूर्वस्थितीवर येता येईल काय? तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर पाऊल फार जपून टाकावे लागते. आधी थोड्या संगणकांवर पाहायचे, मग पुढे जायचे. २०२४ च्या अनुभवानंतर त्या कंपनीनेही अशा फायली टप्प्याटप्प्याने पाठवण्याची रीत स्वीकारली.

शाळेच्या संगणककक्षात दहा संगणक आहेत, उद्या परीक्षा आहे आणि आज नवे ठिगळ आले आहे. तुम्ही काय कराल? वर्गात चर्चा करा. मात्र आधी एकाच वाफ्यावर फवारून पाहणारा वाडीवाला विसरू नका!