वीतभर रिकामी जागा

आमच्या सासूबाई स्वयंपाकघरात मोजपट्टी वापरत नाहीत. बोट, मूठ, वीत आणि हात ही त्यांची मापे. चार वर्षांपूर्वी आमच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये मॉड्युलर स्वयंपाकघर उभे राहिले, तेव्हा शेगडीला खेटून उभ्या असलेल्या उंच कपाटापाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, इथे चार बोटंसुद्धा जागा नाही. मोठी कढई कुठे बसायची?"

मी हसून विषय बदलला. आठ फुटांच्या ओट्यावर चार बर्नरची शेगडी, सिंक, मिक्सर आणि शिवाय धान्याचे उंच कपाट बसवायचे, म्हणजे एकेका इंचाचा हिशेब आलाच. फर्निचरवाल्याने संगणकावर काढलेले चित्र पाहून तर आम्ही हरखूनच गेलो होतो. त्या चित्रात शेगडी होती, पण शेगडीवर भांडे नव्हते. हे मात्र तेव्हा कोणाच्याच लक्षात आले नाही.

दुसऱ्या दिवाळीला शंकरपाळे तळायला घेतले. मोठी कढई उजव्या बर्नरवर ठेवली, तर तिचा कान कपाटाला अडला. मग ती डावीकडे सरकवली. आता ती बर्नरच्या मधोमध नव्हती, एका अंगाला कललेली होती. दोन घाणे निघाले. तिसऱ्याच्या वेळी झारा कपाटाला लागला, कढई डगमगली आणि सांडलेले तेल भडकले. माझे मनगट भाजले. सहा वर्षांची नात दारातच उभी होती.

मी सवयीने पाण्याच्या तांब्याकडे हात नेला. "पाणी नको! आधी रेग्युलेटर बंद कर!" सासूबाई ओरडल्या. रेग्युलेटर होता ओट्याखाली, डब्यांच्या ट्रॉलीच्या मागे. ती ट्रॉली ओढून काढायला फार तर अर्धा मिनिट लागले असेल, पण ते अर्धे मिनिट मी अजून विसरलेले नाही. तेवढ्यात ऐंशीच्या घरातल्या सासूबाईंनी कढईवर झाकण लोटले आणि ओट्यावरच्या जाळावर परात पालथी घातली. हवा तुटली, जाळ विझला. पाणी ओतले असते तर त्याची क्षणात वाफ होऊन पेटते तेल घरभर उडाले असते.

पुढे ते कपाट काढले तेव्हा त्याची शेगडीकडची बाजू पाहून पोटात गोळा आला. सनमायका फुगला होता आणि आतले प्लायवुड चहाच्या गाळासारखे काळपट झाले होते. बर्नरपेक्षा रुंद भांडे ठेवले की ज्योतीची धग त्याच्या बुडाखालून बाजूंना पसरते. ती रोज लाकडावर येत राहिली की लाकूड हळूहळू करपते, आणि असे वर्षानुवर्षे तापलेले लाकूड ताज्या लाकडापेक्षा कमी उष्णतेतही पेट घेऊ शकते. म्हणजे त्या दिवाळीला तेल सांडले नसते, तरी धोका शेजारी उभाच होता.

मग माळ्यावरच्या खोक्यातून शेगडीची पुस्तिका काढली. बाजूला किती जागा सोडावी, मागे किती, वर किती, सारे तिच्यात छापलेले होते! हे आकडे प्रत्येक शेगडीचे वेगळे असतात, म्हणून आधी शेगडी निवडावी आणि मगच कपाटांची मापे द्यावीत. आम्ही नेमके उलटे केले होते. शेगडी आणि वरची चिमणी यांच्यात साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर अंतर सांगितलेले असते. अमेरिकेतल्या गॅसच्या नियमांत तर शेगडीच्या वर उघडे लाकडी कपाट असेल, तर मध्ये ३० इंच मोकळे सोडावे लागतात. ओट्याखालच्या कप्प्याचेही तसेच. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड, तो तळाशी साचतो, म्हणून तिथल्या दारांना खाली झरोके हवेत. पाइपने येणारा गॅस हवेपेक्षा हलका, त्याला वाट वरून द्यावी लागते. आणि गॅस कुठलाही असो, तो बंद करण्याची चावी एका हाताच्या अंतरावर, काहीही न हलवता सापडली पाहिजे.

आजच्या या बसवलेल्या स्वयंपाकघरांचे मूळ शोधत गेले की आपण १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टला पोहोचतो. मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की या स्थापत्यकार बाईंनी तिथल्या नव्या वसाहतींसाठी जेमतेम साडेसहा चौरस मीटरचे स्वयंपाकघर आखले. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बांधली गेली. बाईच्या हालचाली कशा होतात ते पाहून, तिची पावले वाचावीत म्हणून केलेली ती मांडणी होती. आम्ही पावलांचा विचारच केला नाही, नुसते इंच वाचवत बसलो.

आता ते कपाट बाल्कनीजवळ हलवले आहे. शेगडीच्या उजवीकडे सासूबाईंच्या मापाने वीतभर, म्हणजे नऊ इंच, नुसता काळा ओटा आहे. तिथे तेलाची बरणी नाही, फडके नाही, कागदाची पुडीसुद्धा नाही. रेग्युलेटरसमोरची ट्रॉलीही काढून टाकली.

परवा वरच्या मजल्यावरची नवी सूनबाई स्वयंपाकघर पाहायला आली. तिच्याकडे पुढच्या महिन्यात काम सुरू होणार आहे. सगळे निरखून झाल्यावर तिने विचारलेच, "काकू, एवढी जागा वाया का घालवली?"

मी काही बोलणार, तोच सासूबाई उठल्या. खालच्या कप्प्यातली मोठी कढई काढून त्यांनी उजव्या बर्नरवर मधोमध ठेवली. तिचा कान त्या रिकाम्या जागेवर ऐसपैस पसरला. मग तिच्याकडे वळून म्हणाल्या, "तुझी कढई केवढी आहे गं? आधी ती मोज."