लपलेली कृष्णविवरं आणि हॉस्टेलचं लाइट बिल

हॉस्टेलचं लाइट बिल आलं की वॉर्डन सरांच्या कपाळावर आठ्या पडतात. ट्यूबलाइट आणि पंख्यांचा हिशोब कितीही जुळवला तरी युनिट जास्तच! अर्थ उघड आहे. कुठल्यातरी रूममध्ये कपाटात कॉईल लपलेली आहे आणि रात्री तिच्यावर मॅगी शिजतेय. कॉईल दिसत नाही, पण मीटर खोटं बोलत नाही.

खगोलशास्त्रज्ञांची अडचण अगदी अशीच आहे. १९६२ साली रिकार्डो जियाकोनी यांच्या टीमने रॉकेटमधून क्ष-किरण मोजणारी उपकरणं वर पाठवली आणि लक्षात आलं, की सगळं आकाशच क्ष-किरणांत मंद चमकतंय. हे झालं विश्वाचं लाइट बिल! ही चमक सर्वांत जास्त आहे ती साधारण ३० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे केईव्ही, या ऊर्जेजवळ.

ती येते कुठून? मुख्यतः दीर्घिकांच्या केंद्रातल्या महाकाय कृष्णविवरांकडून. कृष्णविवर स्वतः काळंच, पण त्यात पडणारा वायू चकतीसारखा फिरत प्रचंड तापतो आणि अगदी जवळच्या भागातून क्ष-किरण बाहेर पडतात. १९९९ मध्ये अवकाशात गेलेल्या चंद्रा आणि एक्सएमएम-न्यूटन या दुर्बिणींनी १० केईव्हीच्या खालची बहुतेक चमक अशा सुट्या ठिपक्यांत वेगळी करून दाखवली. पण ३० केईव्हीजवळचा हिशोब काही जुळेना.

कारण बऱ्याच कृष्णविवरांभोवती वायू आणि धुळीचं जाड कडं असतं, मेदूवड्यासारखं. भोकातून बघितलं तर उजेड दिसतो, बाजूने बघितलं तर नाही. वाटेतल्या दर चौरस सेंटिमीटरमागे सुमारे अडीच ग्रॅम वायू आला, की त्या कड्याला कॉम्प्टन-थिक म्हणतात. अडीच ग्रॅम म्हणजे जेमतेम एक इंच पाणी! पण कमी ऊर्जेचे क्ष-किरण अडवायला तेवढं पुरतं. ऊर्जा दुप्पट केली, तर मात्र शोषण साधारण आठपट कमी होतं. म्हणून १० केईव्हीच्या वरचे किरण बऱ्यापैकी पार होतात.

आणखी एक खूण आहे. रूमचं दार बंद असलं तरी व्हेंटिलेटरमधून कॉरिडॉरच्या भिंतीवर उजेड पडतो आणि आत कोणीतरी जागं आहे हे कळतं. तसेच कड्याच्या आतल्या बाजूवर आपटून आलेले किरण आपल्याला दिसतात. त्यात लोखंडाची ६.४ केईव्हीची रेषा ठळक असते. ती फार ठळक दिसली, की समजायचं, आत कोणीतरी लपलंय.

आता इंजिनिअरिंगचा भाग. क्ष-किरण आरशावर सरळ आपटले तर शोषले जातात. अगदी तिरपे घासून गेले तरच वळतात. ऊर्जा जितकी जास्त तितका कोन लहान, आणि फोकल लेंग्थ लांब. नासाच्या न्यूस्टार दुर्बिणीला १० मीटर लागली. एवढी लांब दुर्बीण छोट्या रॉकेटमध्ये मावणार कशी? म्हणून १३ जून २०१२ ला ती घडी घालून पाठवली आणि वर गेल्यावर १० मीटरचा मास्ट उलगडला. एका टोकाला आरसे, दुसऱ्या टोकाला डिटेक्टर. प्रत्येक आरसा म्हणजे पातळ काचेची, एकात एक बसवलेली १३३ कवचं. ही दुर्बीण ७९ केईव्हीपर्यंत बघते.

त्याचा फायदा एनजीसी १०६८ मध्ये दिसला. ही दीर्घिका सुमारे पावणेपाच कोटी प्रकाशवर्षं दूर आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये २० केईव्हीच्या वरचा तिचा उजेड अचानक वाढला. १० केईव्हीच्या खाली काहीच फरक नव्हता. शास्त्रज्ञांनी अर्थ लावला, की समोरचा ढग थोडा बाजूला सरकला असावा. म्हणजे कडं एकसंध भिंत नसून ढगांचा थवा आहे.

तरी बिल पूर्ण जुळलेलं नाही. ८ ते २४ केईव्ही या पट्ट्यातली जेमतेम एक तृतीयांश चमक न्यूस्टारने सुटी करून दाखवली. उरलेली कृष्णविवरं मोजल्याशिवाय दीर्घिका आणि त्यांची केंद्रं कशी वाढली हे नीट सांगता येणार नाही. नुसती उघड्या दारांची मोजणी करून हॉस्टेल कळत नाही, हे आपल्याइतकं कोणाला माहीत असणार!