मांजराचं नाक गळतंय? घरातली तापाची गोळी देऊ नका

गेल्या सुगीत आमच्या शेजारच्या घरातलं मांजर शिंकायला लागलं. नाकातून पाणी, डोळ्यांत चिपडं. माणसासारखीच सर्दी, म्हणून घरच्यांनी तापाची अर्धी गोळी दुधातून पाजली. दुसऱ्या दिवशी मांजराचं तोंड सुजलं, हिरड्या मातकट पडल्या, संध्याकाळी ते गेलं. सर्दीनं नाही, गोळीनं.

त्या गोळीत पॅरासिटामॉल असतं. ते औषध पचवून बाहेर टाकायची ताकद मांजराच्या लिव्हरमध्ये नसल्यातच जमा असते. मग रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. अर्धी गोळीही जीव घेऊ शकते. चुकून दिलीच असेल तर लक्षणांची वाट बघू नका, गोळीचं पाकीट घेऊन तडक जनावरांच्या डॉक्टरकडे जा.

मांजराची सर्दी बहुतेक वेळा हर्पिस किंवा कॅलिसी या विषाणूंमुळे होते. हे विषाणू माणसाला लागत नाहीत. पण शिंकेतून, एकाच वाटीतून, आपल्या हातांवरून दुसऱ्या मांजराला लागतात, म्हणून आजारी मांजर वेगळं ठेवा. हर्पिस तर अंगात दबून राहतो आणि ताण आला की नाक पुन्हा वाहायला लागतं.

शेंबूड पाण्यासारखा असेल आणि मांजर खात-पीत असेल तर घरीच लक्ष ठेवलं तरी चालतं, साधारण आठ-दहा दिवसांत उतार पडतो. पिवळा-हिरवा, घट्ट झाला की डॉक्टरला दाखवा. एकाच नाकपुडीतून येत असेल तर ती सर्दी नसेलही. गवताचं कुसळ अडकलेलं असतं, नाहीतर वरच्या दाताचं मूळ सडलेलं असतं. चिमटा घालून ओढू नका.

खरी काळजी खाण्याची. मांजर वासावर जेवतं. नाक चोंदलं की त्याला वास येत नाही आणि ते ताटाकडे बघतही नाही. दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की लिव्हरवर चरबी चढते, जाड मांजराला तर जास्तच धोका. म्हणून कोमट पाण्यात बुडवलेल्या मऊ फडक्यानं नाक-डोळे पुसा आणि खाणं थोडं कोमट करून द्या. उकडलेला मासा किंवा चिकन चालतं, पण कांदा-लसूण नको, तेही मांजराला विषारी. बाम, कापूर नाकाला लावू नका, ते चाटून पोटात जातं.

एक दिवस काहीच खाल्लं नाही, तोंड उघडं ठेवून श्वास घेतंय, किंवा नाकातून रक्त येतंय, तर थांबू नका. लहान पिल्लू असेल तर पहिल्याच दिवशी न्या. गाईचं नाक गळलं की आपण लगेच डॉक्टरला फोन लावतो. धान्याच्या पोत्यांची राखण करणाऱ्याला मात्र कोणी विचारत नाही.

पिल्लू आठ आठवड्यांचं झालं की या दोन्ही विषाणूंवरची लस देता येते, पुढचे डोस डॉक्टर सांगतील. लस घेऊनही सर्दी होऊ शकते, पण हलकी जाते. तालुक्याच्या दवाखान्यात ही लस नेहमी असेलच असं नाही, जाण्याआधी फोन करून विचारा.